फणसाची फिर्याद

"आबा, हात जोडते तुम्हाला, पण माझ्या अशिलावर फिर्याद करा!"

असलं वाक्य सगळ्या वकिलीत मी एकदाच बोलले. तेही पाचगणीत, धोंडिबा राजपुऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या अंगणात, उभ्या उभ्या, पदरानं घाम पुसत. आबा राजपुरे ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता थांबवला आणि मला नखशिखान्त न्याहाळलं.

"वकिलीणबाई, तब्येत बरी हाय न्हवं?"

"ठणठणीत आहे. फिर्याद करताय की नाही, तेवढं सांगा."

"गेल्या साली म्या तुमच्या हापिसात येऊन बसलो, तवा काय म्हणला हुता? 'आबा, एका फांदीसाठी कुणी कोर्टात जातं का? च्या प्या आन् घरला जावा.' म्हणला हुता का न्हाई?"

"म्हणाले होते."

"मंग?"

"मग आता जा कोर्टात! उद्याच्या उद्या जा!"

"आता कशापायी? ती बाई तर चालली कायमची. सुटलो म्हणायचं आन् गप बसायचं." आबांनी सुपारी तोंडात टाकली आणि अडकित्ता पुन्हा चालू केला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हा माणूस म्हणजे सबंध गावाला नको झालेला! कुणाची म्हैस बांधावर आली, अर्ज. कुणाचं पन्हाळ अंगणात गळलं, अर्ज. पाचगणीत असा एक माणूस नव्हता ज्याला आबांनी 'कोर्टात खेचीन' म्हणून दम दिला नव्हता. आणि आज मी स्वतः विनवायला आले, तर हा साधू होऊन बसला होता.

आता ही भानगड काय, ते सांगते. त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी वाईच्या कोर्टात वकिली करत होते, तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध होते. आबांच्या शेजारच्या घरात रुहांगीझ नावाची बाई भाड्यानं राहायची. मूळची इराणची, यझ्द गावची. एका शाळेच्या वसतिगृहात मेट्रन होती. पोरांची दुखणीखुपणी काढायची, रात्र रात्र उशाशी बसायची. गाव तिला रुहीबाई म्हणायचं. धर्मानं बहाई. इराणात क्रांती झाली आणि तिच्या धर्माच्या लोकांच्या मागं तिथलं सरकार हात धुऊन लागलं. तिच्या धाकट्या भावाला तुरुंगात घातलं आणि तिथंच ठार मारलं. आई त्या दुःखानं गेली. मग हिच्या पासपोर्टाची मुदत संपली, इराणी वकिलातीनं तो नवा करून दिला नाही. पासपोर्ट नाही म्हणून व्हिसा नाही, व्हिसा नाही म्हणून इथं राहणं बेकायदा. साताऱ्याहून फौजदार नोटीस घेऊन आले. गुरुवारी दुपारी जीप येईल, मुंबईला नेऊन विमानात बसवतील. विमान कुठलं, तर तेहरानचं!

मी कायद्याची पुस्तकं उलटीपालटी केली. निर्वासितांसाठी आपल्याकडं कायदा म्हणून नाहीच हो. आहे तो परकीयांचा कायदा, साहेबाच्या राज्यातला. त्याला एवढंच कळतं की माणूस एकतर इथला, नाहीतर बाहेरचा. परत पाठवलं की ज्याला मारतील, असाही माणूस असू शकतो, हे त्या कायद्याच्या गावीच नव्हतं. शाळेचे प्रिन्सिपल धावतपळत दिल्लीला गेले होते, संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत. तिथून निरोप आला की अर्ज घेतलाय, विचार चालू आहे. मुंबईच्या ओळखीच्या वकिलांना ट्रंक कॉल लावला, तर ते म्हणाले, सोमवारी बघू. सोमवारी बघून काय करायचं होतं? बाई गुरुवारी विमानात!

बुधवारी सकाळी एसटीनं पसरणीचा घाट चढत होते आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. पूर्वी एका परदेशी पाहुण्यानं वाईत मोटारीनं कुणाला तरी धडक दिली होती. तो बिचारा घरी जायला तडफडत होता आणि पोलीसच त्याला सोडत नव्हते. का? तर खटला उभा आहे, आरोपीला देश सोडता येत नाही! मी "हात्तिच्या!" म्हणून एवढ्यानं ओरडले की कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली.

पण खोटा खटला मी करणार नव्हते. मग खरा आणायचा कुठून? रुहीबाईनं उभ्या आयुष्यात मुंगी मारली नव्हती. तिनं केलेला एकच गुन्हा मला ठाऊक होता. आबांच्या फणसाची एक फांदी तिच्या गुलाबांवर सावली धरायची. तीनदा विनवूनही आबांनी ती काढली नाही. मग एक दिवस बाईनं कोयता घेतला आणि फांदी तोडली. फांदीला फणस धरलेले होते. नुकसान खरं होतं, भांडण खरं होतं, फिर्यादी पण खरा होता. फक्त तो सुपारी कातरत बसला होता.

"आबा," मी ओट्यावर त्यांच्या समोरच बसले, "तिला परत पाठवलं तर काय करतील, माहीत आहे?"

"काय?"

"भावाला केलं तेच. मारून टाकतील."

अडकित्ता थांबला. "कुणी सांगितलं?"

"मी सांगते. आणि मी तुमच्याशी कधी खोटं बोलले नाही. फांदीच्या वेळीसुद्धा तोंडावर सांगितलं होतं."

आबांनी शेजारच्या कुंपणाकडं बघितलं. पलीकडं रुहीबाई दोरीवर चादरी वाळत घालत होती. आबांनी अडकित्ता मिटून ओट्यावर ठेवला.

"माजं नुकसान झालंय," शेवटी ते म्हणाले. "ते भरून मिळाय पायजे."

"मग याल?"

"कोर्ट किती वाजता भरतंय?"

"अकराला. अहो, पण नक्की याल ना?"

"बघू," म्हणाले आणि उठून आत गेले. आता या 'बघू'चा अर्थ काय लावायचा! मी तशीच कुंपणाच्या दारातून पलीकडं गेले.

रुहीबाईला सगळं समजावून सांगितलं. उद्या सकाळी आपणहून कोर्टात हजर व्हायचं. न्यायाधीश साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का. आपण म्हणायचं, कबूल नाही. मग साक्षीपुरावे होतील, तारखांवर तारखा पडतील, आणि आमच्या कोर्टाच्या तारखा म्हणजे काय विचारता! तोवर दिल्लीहून निर्वासित असल्याचा कागद येईल.

"पण मी तोडली," रुहीबाई म्हणाली. तिचं मराठी वसतिगृहातल्या आयांकडून शिकलेलं, मोजकं पण स्पष्ट.

"तोडली हो. पण कोर्टात 'कबूल नाही' म्हणजे खोटं बोलणं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की शाबीत करून दाखवा."

"ते शाबीत करतील. मी तोडली तर."

"करू देत की! सावकाश करू देत! कबूल म्हटलंत तर साहेब दहा-वीस रुपये दंड करतील आणि पाच मिनिटांत खटला संपेल. मग जीप. मग विमान. समजलं?"

"समजलं," ती म्हणाली आणि मान हलवली. मला चहा दिला. कपाळाचा घाम पुसायला स्वच्छ रुमाल दिला. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच मी कोर्टाच्या पायरीवर हजर. रुहीबाई पहिल्या गाडीनं आली, पांढरा ब्लाउज, निळा स्कर्ट, केस नीट बांधलेले. आबांचा पत्ता नाही. अकरा वाजले, साहेब डायसवर आले, तरी नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात फाटकातून आबा आले! डोक्याला कोरा करकरीत फेटा, काखेत कागदांची पिशवी. जन्मभर कोर्टात खेचीन म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा खरोखर कोर्टात येत होता, आणि नवरदेवासारखा नटून येत होता. मला वाटलं धावत जाऊन त्यांच्या पाया पडावं.

आणि त्यांच्या मागोमाग फाटकात पोलिसांची जीप शिरली.

फौजदार ननावरे खाली उतरले. "बाई, वेळेवर आलो ना? यांचा सकाळी फोन आला होता साताऱ्याला."

"कुणाचा?"

"मी केला," रुहीबाई शांतपणे म्हणाली. "नोटिशीत लिहिलं, पाचगणीत थांबा. मी पाचगणीत नाही. ते उगाच तिथं जातील. मी सांगितलं, वाईच्या कोर्टात आहे. पेटी पण आणली."

मी डोक्याला हात लावला. अहो, पोलिसांना कुणी आपला पत्ता देतं का? पण हे बहाई लोक तसेच! सरकारचा हुकूम मोडायचा नाही, खोटं बोलायचं नाही. मागच्या जन्मी मी काय पाप केलं म्हणून असलं अशील माझ्या वाट्याला आलं, ते देव जाणे.

देशमाने साहेब आमचे न्यायाधीश. शिस्तीचा माणूस, हसताना कुणी पाहिला नव्हता. किरकोळ प्रकरणं झटपट उरकायची त्यांची ख्याती. आरोपीनं कबूल म्हणायचा अवकाश, साहेब दंड सांगून पुढची फाइल उघडायचे. आबांनी शपथेवर जबाब दिला. फांदी केवढी, फणस किती, त्यांचा आकार कसा, सगळं इतक्या तपशिलानं सांगितलं की साहेबांना दोनदा "पुरे" म्हणावं लागलं. खटला दाखल झाला. रुहीबाई आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. फौजदार दारात उभे, जीप बाहेर, जीपमध्ये पेटी.

साहेबांनी विचारलं, "फिर्यादीच्या मालकीच्या फणसाची फांदी तोडून तुम्ही नुकसान केलं, असा आरोप आहे. गुन्हा कबूल आहे?"

मी रुहीबाईकडं बघून डोळे मोठे केले, मान डावीउजवीकडं हलवली.

"कबूल आहे," रुहीबाई म्हणाली. आणि कुणाला ऐकू गेलं नसेल तर म्हणून पुन्हा, "मी तोडली. कोयता माझ्या स्वयंपाकघरातला होता."

मी ताडकन उठले. "साहेब, साहेब! अशील परदेशी आहे, तिला मराठी नीट कळत नाही..."

"कळतं," पिंजऱ्यातून आवाज आला.

कोर्टात खसखस पिकली. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "वकीलसाहेब, खाली बसा. हा काय प्रकार आहे?"

मग मी काही लपवलं नाही. बाई कोण, कुठली, भावाचं काय झालं, जीप कशासाठी आलीय, फिर्याद आजच का, सगळं घडाघडा सांगून टाकलं. बोलता बोलता माझा आवाज चढला, तो मला आवरेना. "खोटी फिर्याद नाही साहेब. फांदी खरी तोडलीय. पण हा खटला आज संपला तर बाई संपली!"

साहेब रुहीबाईकडं वळले. "कबूल म्हटल्यावर काय होईल, हे वकिलांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"हो. नाही म्हटलं तर मी राहते. हो म्हटलं तर मी जाते."

"तरी हो म्हणालात?"

रुहीबाईनं पिंजऱ्याचा कठडा धरला. एक एक शब्द शोधत ती बोलू लागली.

"साहेब, माझा भाऊ तुरुंगात होता. त्याला कागद देत होते. लिही, मी बहाई नाही. एवढंच लिही आणि घरी जा. आई भेटायला गेली. ती म्हणाली, लिही रे बाळा, देवाला खरं माहीत आहे. तो म्हणाला, आई, मला पण माहीत आहे ना. त्याने नाही लिहिलं. मग मला वकिलातीत तोच कागद दिला. सही केली तर नवा पासपोर्ट. मी नाही केली. म्हणून मी इथं अशी आहे, कागदाशिवाय. आता एका फांदीसाठी खोटं बोलू? बोलायचं होतं तर तेव्हाच बोलले असते. भाऊ पण बोलला असता. आज आम्ही दोघं घरी असतो."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. काल तिनं मान हलवली, ती होकाराची नव्हतीच. तिला फक्त समजलं होतं. काय होणार ते समजून उमजून ती पेटी घेऊन आली होती.

देशमाने साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शिपायाला हाक मारून कपाटातलं एक पुस्तक मागवलं. पुस्तक आलं. साहेबांनी पानं चाळली, एका पानावर बोट ठेवलं.

"आरोपीनं गुन्हा कबूल केलेला आहे," ते म्हणाले. "तेव्हा मी तिला दोषी ठरवतो."

फौजदारांनी टोपी डोक्यावर ठेवली. मी डोळे मिटून घेतले.

"पण शिक्षा मी आज सुनावत नाही. पहिलाच गुन्हा आहे, आणि खोटं बोलून सुटायची संधी असताना आरोपीनं ती घेतली नाही. प्रोबेशनच्या कायद्याखाली तिला चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडत आहे. येत्या तीन वर्षांत कोर्ट बोलावील तेव्हा शिक्षा ऐकायला हजर राहायचं. तोवर कोर्टाच्या परवानगीशिवाय पाचगणीचा मुक्काम हलवायचा नाही."

मी डोळे उघडले. तीन वर्षं! अहो, 'कबूल नाही' म्हणून मी फार तर सहा महिने ओढणार होते!

"साहेब," फौजदार पुढं आले, "वरचा हुकूम आहे, आज मुंबईला..."

"वरच्यांना कळवा, आरोपीची शिक्षा बाकी आहे. हे पटत नसेल तर माझ्या वरचं कोर्ट आहे. तिथं जाऊ द्या त्यांना."

"मग ते लेखी मिळेल का, साहेब? म्हणजे मला दाखवायला बरं." फौजदारांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. त्या माणसालाही ती जीप नकोशी झाली होती, हे मला तेव्हा कळलं.

"मिळेल. पण एक अडचण आहे." साहेबांनी पुन्हा पुस्तकात बघितलं. "आरोपी परकीय आहे, तेव्हा मला जामीनदार हवा. स्थानिक, स्वतःचं घरदार असलेला. आहे कुणी?"

झालं! आनंदानं वर गेलेला जीव पुन्हा खाली आपटला. प्रिन्सिपल दिल्लीला. शाळेतली बाकीची मंडळी बाहेरगावची, भाड्याच्या घरातली. मी जामीन राहावं तर वकिलाला ते चालत नाही. मी बाकांवर नजर फिरवली. वाईची माणसं, कुणी तिला ओळखतसुद्धा नव्हतं. जो तो खाली बघायला लागला.

"कुणी नाही?" साहेबांनी विचारलं.

"म्या ऱ्हातो की."

सगळ्या माना वळल्या. आबा राजपुरे फेटा सावरत उभे होते.

"तुम्ही?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अहो, तुम्ही फिर्यादी आहात!"

"व्हय. मंग फिर्यादीनं जामीन ऱ्हाऊ नये असं कुठं लिव्हलंय?"

साहेबांनी पुस्तकाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी हात पसरले. कुठंच लिहिलं नव्हतं.

"का राहताय जामीन?" साहेबांनी विचारलं. "ही पळून गेली तर तुमच्या जमिनीवर बोजा येईल, कळतंय ना?"

"ती पळायची न्हाई."

"कशावरून?"

"साहेब, माज्या बांधाला कोण न् कोण रोज खातंय. कुणी माती वडतंय, कुणी लाकडं नेतंय. आजपातुर कुणी येऊन सांगितलं न्हाई, की आबा, म्या नेलं. आन् ही बाई? हिनं फांदी तोडली आन् खांद्यावर टाकून माज्या दारात आणली. म्हणली, आबा, मी तोडली, ही तुमची हाय, ठेवून घ्या." आबांनी पिंजऱ्याकडं बघितलं. "मला लई राग आला. वरीसभर राग केला. पर जी तोडल्यालं घिऊन दारात येती, ती बोलावल्यावर न्हाई यायची व्हय? हिला जामीन ऱ्हायला भ्यायचं कशाला?"

आणि पिशवीत हात घालून त्यांनी सात-बारा काढला आणि टेबलावर ठेवला.

मी कोर्टात टाळी वाजवली. हो, वाजवली! साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि मग, शपथेवर सांगते, देशमाने साहेब हसले.

तीन वर्षं आम्हाला भरपूर झाली. दिल्लीचा कागद त्याच पावसाळ्यात आला आणि पुढं तिला कुणी हात लावला नाही. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक होतं? त्या दुपारी शिरस्तेदारांच्या टेबलापाशी आम्ही गर्दी करून उभे होतो आणि ते मुचलका लिहीत होते.

"नाव?"

रुहीबाईनं सांगितलं. दोनदा सांगितलं, तेव्हा त्यांना लिहिता आलं.

"राहणार?"

रुहीबाई थांबली. तिच्या ओठांवर यझ्द आलं असावं, कारण तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला खोटं सांगायचं नव्हतं, आणि खरं काय ते तिला सांगता येईना. तिनं माझ्याकडं बघितलं.

"अवो, लिवा की," आबा शिरस्तेदारांवर खेकसले. "त्यात इचारायचं काय? ऱ्हाणार पाचगणी."

शिरस्तेदारांनी मान वर करून रुहीबाईला विचारलं, "बरोबर आहे का बाई?"

"हो," रुहीबाई म्हणाली. "खरं आहे." आणि इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली ती बाई टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागली.